लांबच्या आजारपणानंतर कामावर परत येणं: कंपनी काय करू शकते?

भिंगरी:

मंडळी, या विषयावर लिहायचं बरेच दिवस डोक्यात घोळत होतं, आज जरा निवांत वेळ मिळालाय म्हणून बसले. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी एच आर मध्ये आहे, माल बनवणारी कंपनी, त्यामुळे कंबर, खांदा, मान, मनगट असल्या तक्रारींवरून लांबच्या सिक लीव्हवर गेलेल्यांच्या फाइली माझ्या टेबलावर कायम असतात, आणि हल्ली डिप्रेशन, पॅनिक अटॅक, झोपच लागत नाही अशा कारणांनी गेलेल्यांच्याही. इतकी वर्षं या फाइली हाताळून एक गोष्ट पक्की दिसलीये, माणूस कामावर परत येईल की नाही हे त्याच्या रिपोर्टवरून सांगता येत नाही. दोघांची चकती सरकलेली, दोघांच्या एमआरआयमध्ये फारसा फरक नाही, तरी एक जण दीड-दोन महिन्यांत मशीनवर उभा असतो आणि दुसरा वर्ष होत आलं तरी घरीच, मग एक दिवस राजीनाम्याचा मेल येतो. खोलात गेलं की फरक बहुतेक वेळा त्याच दोन जागी सापडतो. रजेच्या पहिल्या काही आठवड्यांत त्याच्या साहेबाने त्याला फोन केला होता का आणि फोनवर काय बोलला, हा एक. आणि परत आल्यावर आधीचंच काम जसंच्या तसं पुढ्यात टाकलं की त्यात काही बदल केला, हा दुसरा.

एक वाक्य सर्रास ऐकू येतं, "पूर्ण बरा हो आणि मगच ये, घाई करू नकोस." बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं हे मला मान्य आहे. पण त्या वाक्याने होतं काय, की तो माणूस घरी बसून शंभर टक्के बरं वाटायची वाट बघत राहतो, आणि कंबरदुखीत तो दिवस कित्येकदा उगवतच नाही. दरम्यान अंगातली ताकद जाते, सकाळी ठरावीक वेळी आवरायची सवय मोडते, कामावरच्या लोकांशी बोलणं तुटतं, पैशाची ओढाताण सुरू होते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे मनात भीती बसते की आता वाकलो तर कायमचाच जाणार. सहा महिन्यांनी तो माणूस मूळ दुखण्यापेक्षा या बाकीच्या गोष्टींनीच जास्त अडकलेला असतो. म्हणजे आजार डॉक्टरांनी बरा केलेला असतो, पण काम करता न येणं ही वेगळीच अवस्था मध्ये तयार झालेली असते आणि तिच्यात कामाच्या ठिकाणाचा मोठा हात असतो.

दुसरं, एकाच जागेवर काम करणाऱ्या तिघा-चौघांचे खांदे ओळीने जायला लागले की त्या माणसांना तपासायच्या आधी ती जागा तपासायला हवी. परत आलेल्या माणसासाठी जो बदल लागतो ना, तोच आधी केला असता तर तो बहुधा रजेवर गेलाच नसता. म्हणून मला प्रतिबंध आणि पुनरागमन हे दोन वेगळे विभाग वाटतच नाहीत, पण बहुतेक कंपन्यांत सेफ्टीवाले वेगळे, एच आर वेगळे आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही.

तुमच्या कामाच्या ठिकाणी काय होतं? रजेवर असताना कोणी संपर्क ठेवला का, परत आल्यावर काम बदलून दिलं का, आणि ते खरंच उपयोगी पडलं का? चांगले वाईट दोन्ही अनुभव लिहा. कंपनीची नावं नकोत.

रानवारा:

महत्त्वाचा धागा. वाचनखूण साठवलीये. सविस्तर नंतर लिहिते.

लोलक:

मी फिजिओथेरपिस्ट आहे, भिंगरीताईंनी लिहिलंय त्याच्या दुसऱ्या टोकाला बसून मी हेच बघत असतो. पेशंट टेबलावर झोपून पहिला प्रश्न विचारतो तो "कधी जाऊ कामावर" हा, आणि तो प्रश्न माझ्या हातात असतो त्यापेक्षा त्याच्या सुपरवायझरच्या हातात जास्त असतो.

कंबरदुखीत अंथरुणाला खिळून राहायचा सल्ला किती जुना झालाय बघा. १९८६ मध्ये अमेरिकेत रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी दोन दिवस विश्रांती सांगितलेले आणि सात दिवस सांगितलेले असे दोन गट करून पाहिले, दोन दिवसवाल्यांच्या कामावरच्या दांड्या ४५ टक्क्यांनी कमी भरल्या आणि बाकी बरं होण्यात काही फरक पडला नाही. पुढे १९९५ मध्ये हेलसिंकी महापालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांवर अभ्यास झाला, त्यात एका गटाला दोन दिवस झोपून राहायला सांगितलं, एकाला व्यायाम दिले आणि एकाला सांगितलं की झेपेल तेवढे रोजचे व्यवहार चालू ठेवा. सगळ्यात लवकर सावरला तो तिसरा गट. इतकं होऊनही "महिनाभर हलायचं नाही" असं सांगितलेले पेशंट माझ्याकडे अजून येतात.

आणि दुखणं शून्यावर आल्याशिवाय कामावर जाता येत नाही हा समज तर डोक्यातून काढाच. नेदरलँड्समध्ये जुनाट कंबरदुखीमुळे कामावर जाऊ न शकणाऱ्या १३४ लोकांवर एक प्रयोग झाला होता, २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्या लोकांना नेहमीचे उपचार आणि अर्ध्यांना उपचारांबरोबर कामाच्या जागी जाऊन, तो स्वतः आणि त्याचा साहेब दोघांना समोर बसवून, कुठली अडचण येते आणि काय बदलता येईल हे ठरवणं, शिवाय हळूहळू वाढत जाणारे व्यायाम. नेहमीच्या उपचारांत कामावर टिकून परतायला मध्यक काळ (म्हणजे निम्मे लोक त्याआधी परतले, निम्मे त्यानंतर) २०८ दिवस लागला आणि दुसऱ्या गटात ८८. यात मला सगळ्यात बोलकं वाटतं ते पुढचं, वर्षाच्या शेवटी दुखण्याच्या तीव्रतेत दोन्ही गटांत म्हणावा असा फरक नव्हता. दुखणं तेवढंच कमी झालेलं, पण एका गटातली माणसं कितीतरी आधी आपलं काम करत होती.

एक मात्र नीट वाचा. पायातली ताकद जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, जांघेत बधिरपणा, ताप, कारण नसताना वजन उतरणं, पूर्वी कॅन्सर झालेला असणं, किंवा पडल्या-आपटल्यानंतरचं दुखणं, यात हालचाल करा वगैरे माझा सल्ला लागू नाही, तडक डॉक्टर गाठा.

आडवाट:

माझा अनुभव लिहितो. मी पॅकिंगला होतो, कंबर गेली, काही महिने घरी. त्या काळात कंपनीतून एकच फोन आला, तोही पगारपत्रकातल्या कोणाचा, सर्टिफिकेट पाठवलं नाही म्हणून. साहेबाचा नाही, कोणाचाच नाही. आपण गेलो काय आणि राहिलो काय यांना काही फरक पडत नाही असं डोक्यात बसतं हो त्याने.

परत आलो तर चिठ्ठीवर लिहिलेलं 'हलके काम द्यावे'. मग मला दिलं काय, तर स्टोअरच्या दाराशी एक खुर्ची. बस इथे. गाडी आली की नोंद कर, गाड्या दिवसाला येणार तीन-चार. बाकी वेळ नुसतं बसायचं आणि येणारा जाणारा विचारणार काय रे आराम चाललाय का. कंबरेला तसं बसणं उभं राहण्यापेक्षा वाईट होतं ते सोडा, पण माणूस म्हणून इतकं खाली गेल्यासारखं वाटायचं की मी पुन्हा रजा टाकायच्या बेतात होतो. लाइट ड्यूटी या नावाखाली हे असं बसवून ठेवू नका कोणी, हात जोडून सांगतो. काम द्या, थोडं द्या पण खरं काम द्या.

नशीब की मध्येच लाइन लीडर बदलला. नवा आला त्याने मला खुर्चीवरून उठवलं आणि म्हणाला चल तुझी जुनी जागा दाखव, तू करायचास ते कसं करायचास ते दाखव. एक तासभर माझ्या जागेवरच्या दुसऱ्या पोराला काम करताना आम्ही दोघं उभं राहून बघत होतो. तर खोका यायचा डावीकडून, लेबलचा प्रिंटर होता उजवीकडे मागच्या बाजूला, म्हणजे प्रत्येक खोक्याला खोका हातात धरूनच कंबरेतून वळायचं, लेबल लावायचं, परत वळायचं आणि पॅलेटवर, म्हणजे माल रचायच्या फळ्यांच्या चौकटीवर, ठेवायचा. आणि पॅलेट जमिनीवर, त्यामुळे खालचे दोन थर लावताना पार वाकून. इतकी वर्षं मी ते करत होतो, माझ्याही कधी ध्यानात आलं नाही कारण आपण करत असतो तेव्हा ते दिसत नाही.

त्याने काय केलं, प्रिंटर डावीकडे खोका येतो तिथेच आणून ठेवला, इलेक्ट्रिशियनला सांगून पॉइंट हलवून घेतला. आणि भरायच्या पॅलेटखाली दोन रिकामी पॅलेट टाकली, खालचा थर वीतभर तरी वर आला. झालं. यात काय खर्च होता सांगा. मी आधी अर्धी पाळी तिथे आणि अर्धी पाळी तपासणीच्या टेबलावर असं करत करत पूर्ण पाळीवर आलो. आणि त्या जागेवरचा तो दुसरा पोरगा, ज्याला काहीच झालेलं नव्हतं, तो म्हणाला आता संध्याकाळी पाठ भरून येत नाही.

भिंगरी:

आडवाट, हा प्रतिसाद मी आमच्या सेफ्टीवाल्यांना दाखवणार आहे, चालेल ना? तुमच्या लाइन लीडरने जे केलं तेच कॅनडात क्वेबेक प्रांतातल्या शेरब्रुक शहरात पद्धतशीर करून बघितलं होतं, पॅट्रिक लोझेल म्हणून डॉक्टर होते, त्यांचा अभ्यास १९९७ मध्ये आला. कंबरदुखीने चार आठवड्यांवर रजेवर असलेल्या कामगारांची कामाची जागा एर्गोनॉमिक्सच्या (म्हणजे काम आणि जागा माणसाच्या शरीराला सोयीची करण्याच्या शास्त्राच्या) जाणकाराने कामगार, सुपरवायझर आणि युनियनचा माणूस या सगळ्यांना बरोबर घेऊन बघायची आणि बदल सुचवायचे. वैद्यकीय उपचार आणि हे जागेवरचं काम दोन्ही मिळालेले लोक नेहमीच्या उपचारवाल्यांपेक्षा २.४ पट वेगाने मूळ कामावर परतले, आणि त्यातला मोठा वाटा जागेवर केलेल्या बदलांचा निघाला.

खुर्चीवर बसवण्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते अगदी पटलं. असं बसवणं हे बदललेलं काम नव्हे, हजेरी भरून घेणं आहे.

पहिलीपाळी:

सगळं बरोबर आहे पण सुपरवायझरची बाजू कोणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितो. मी स्वतः पाळी सांभाळतो. माणूस आजारपणातून परत येतो, एच आर सांगतं त्याला जपा, डॉक्टर सांगतो वजन उचलू देऊ नका, आणि वरून प्रॉडक्शन मॅनेजर संध्याकाळी विचारतो आकडा का कमी आला. माझ्या पाळीत कागदावर जेवढी माणसं तेवढ्यांचं टार्गेट असतं, त्यात एक जण निम्मं काम करणार हे कुठेच धरलेलं नसतं. मग ते निम्मं कोण करतं तर शेजारचा. पहिला आठवडा शेजारचा काही बोलत नाही, दुसऱ्या आठवड्यात कुरकुर सुरू, तिसऱ्यात टोमणे, आणि परत आलेल्याला ते ऐकू येतं. आणि गंमत नाही सांगत, त्या शेजारच्याचा खांदा दुखायला लागला की मग दोन माणसं गेली.

मी भांडून एक गोष्ट करून घेतली आमच्याकडे. परत आलेला माणूस सुरुवातीचे काही आठवडे टार्गेटच्या हिशोबात धरायचा नाही. तो जादा. त्याने जे काम केलं ते वरकड. एवढं एक झालं आणि पोरांची भाषाच बदलली, कारण तो आता त्यांच्यावर ओझं नाही, उलट हातभार आहे. ज्यांच्या हातात टार्गेट ठरवणं आहे त्यांनी हे एवढं तरी करावं, नाहीतर सुपरवायझरला ट्रेनिंग देऊन काही होत नाही.

ट्रेनिंगचंही सांगतो, मला आजवर मशीनचं, क्वालिटीचं, आगीचं सगळं शिकवलंय. आजारी माणसाला फोन करून काय बोलायचं हे कोणी शिकवलेलं नाही. आपण विचारलं तर दबाव आणतोय असं वाटेल, नाही विचारलं तर पर्वा नाही असं वाटेल.

लोलक:

पहिलीपाळी, टार्गेटचा मुद्दा लाखमोलाचा. टोरंटोच्या इन्स्टिट्यूट फॉर वर्क अँड हेल्थने कामावर परतण्याची जी सात तत्त्वं २००७ मध्ये मांडली, त्यात हेच एक आहे, परत येणाऱ्याला मदत करताना सहकारी आणि सुपरवायझर यांच्यावर अन्याय होता कामा नये. आणि त्याच यादीत लवकर आणि आपुलकीने संपर्क करणंही आहे.

भिंगरी:

फोनचं मी सांगते पहिलीपाळी, आम्ही सुपरवायझरना एवढंच सांगतो. पहिल्या एक-दोन आठवड्यांत फोन करायचा. आजार काय, रिपोर्टमध्ये काय, कधी येणार, हे तीन प्रश्न विचारायचे नाहीत. कसा आहेस, घरी कोण आहे मदतीला, इथलं काही डोक्यात घेऊ नकोस तुझं काम अमुक बघतोय, पगाराच्या किंवा कागदांच्या बाबतीत काही अडलंय का, आणि पुढचा फोन कधी केलेला चालेल. शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा, कारण त्याने त्यालाच ठरवू दिलं जातं. आणि जर दुखणं त्या साहेबाशी झालेल्या भांडणातूनच सुरू झालेलं असेल तर मग फोन दुसऱ्या कोणीतरी करायचा, हे उघड आहे पण विसरलं जातं.

ओसरी:

परदेशात यावर कायदे काय आहेत ते थोडं लिहितो, कारण कंपनीच्या सद्बुद्धीवर सोडलं तर चांगल्या साहेबाच्या हाताखालचा वाचतो आणि बाकीचे जातात.

नेदरलँड्समध्ये माणूस आजारी पडला की मालकाला दोन वर्षांपर्यंत पगाराचे किमान ७० टक्के द्यावे लागतात. मग अर्थातच मालकाला त्याला परत आणण्यात रस असतो. २००२ पासून तिथे असा कायदा आहे की साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत कंपनीच्या डॉक्टरने अडचणीचं विश्लेषण करायचं, आठव्या आठवड्यापर्यंत मालक आणि कामगार दोघांनी मिळून लेखी योजना करायची आणि ठरावीक काळाने तिचा आढावा घ्यायचा. मालकाने पुरेसे प्रयत्न केले नाहीत असं दिसलं तर त्याला आणखी एक वर्षापर्यंत पगार द्यायला लावू शकतात. आणि कामगारानेही सहकार्य करायचं असतं, ते एकतर्फी नाही.

जर्मनीत २००४ पासून नियम आहे, वर्षभरात सहा आठवड्यांपेक्षा जास्त आजारपण झालं, सलग किंवा तुकड्यातुकड्याने, तर कामावर परतायला काय करता येईल यावर मालकाने स्वतःहून बोलणी सुरू करायची. कामगाराची संमती मात्र लागते, तो नको म्हणाला तर जबरदस्ती नाही. शिवाय तिथे तासांची चढती शिडी असते, आधी दिवसाला थोडे तास, मग वाढवत जायचं.

आणि ब्रिटनमध्ये २०१० ला आजारपणाची चिठ्ठीच बदलली. आधी डॉक्टर फक्त कामाला अयोग्य एवढंच लिहायचे, नव्या चिठ्ठीत 'काही बदल केल्यास कामाला योग्य असू शकेल' असा पर्याय आला, आणि त्याखाली चार खुणा, हळूहळू परतणं, वेळ बदलणं, काम बदलणं, जागेत सुधारणा. २०२२ पासून ती चिठ्ठी फिजिओथेरपिस्ट, नर्स, फार्मासिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट (आजारानंतर रोजची कामं पुन्हा जमायला मदत करणारे) पण देऊ शकतात. कायद्याने सगळं सुटतं असं नाही, पण निदान पहिली हालचाल कोणी करायची हा घोळ राहत नाही.

रानवारा:

चिठ्ठीवरून आठवलं. माझ्या बहिणीच्या चिठ्ठीवर पण तेच 'हलके काम द्यावे', आणि तिच्या ऑफिसात म्हणाले आमच्याकडे हलकं काम नाहीच, सगळं कॉम्प्युटरवरच आहे, याहून हलकं काय देणार. तिचं मनगट आणि मान होती! आता डॉक्टर आणि ऑफिस यांच्यामध्ये ती निरोप्यासारखी फिरतेय. यावर काही उपाय?

लोलक:

रानवारा, डॉक्टरला तिचं काम माहीतच नसतं हो, म्हणून तो हलकं लिहून मोकळा होतो. ऑफिसनेच एक कागद द्यायला हवा, ती दिवसभरात काय करते याचा. सलग किती वेळ टायपिंग, माउस किती, फोन कानाला धरून किती, स्क्रीन एक की दोन, उठायला मिळतं का. तो कागद तिच्या डॉक्टरसमोर ठेवला की त्याला लिहिता येतं, सलग अर्ध्या तासावर टायपिंग नको, फोनला हेडसेट, वगैरे. निदान काय आहे हे ऑफिसला कळायची गरजच नाही. ऑफिसला कळायला हवं ते एवढंच की काय करता येतं, काय आत्ता नको आणि पुन्हा कधी बघायचं. आणि लॅपटॉपवर वाकून काम करत असेल तर वेगळा कीबोर्ड आणि लॅपटॉप डोळ्यांच्या उंचीला, हे आजच करून घ्या, चिठ्ठीची वाट बघू नका.

शंकेखोर:

मला एक प्रश्न पडतो, राग मानू नका. या सगळ्याचा गैरफायदा घेणारे लोक असतात ना? आमच्याकडे दोघे-तिघे आहेत, सीझन आला की कंबर धरते. त्यांना पण फोन करून विचारपूस करायची का?

पहिलीपाळी:

हो, त्यांनाही करायची. माझा अनुभव सांगतो, जो खोटं बोलतोय त्याला सगळ्यात जास्त अवघड जातं ते नीट लिहिलेल्या योजनेत. सोमवारपासून चार तास, ही कामं, ही नाहीत, पुढच्या शुक्रवारी आपण बसून बघू. त्याला दडायला जागा मिळते ती तुम्ही रजा मंजूर करून सहा आठवडे विसरून गेलात की. आणि संशय घेऊन वागलात तर खोटारडा काही सुधारत नाही, पण ज्याचं खरंच दुखतंय तो मात्र दिवसभर दुखतंय हे सिद्ध करण्यात अडकतो.

लोलक:

सीझन आला की कंबर धरते, हे वाक्य मला जरा वेगळं ऐकू आलं. सीझनला ओव्हरटाइम असतो, वजन जास्त, झोप कमी, साहेबांचा आवाज चढलेला. कंबर तेव्हाच धरणार की. अमेरिकेत बोइंगच्या ३,०२० कामगारांवर स्टॅनली बिगोस यांनी अभ्यास केला होता, १९९१ मध्ये आला, ज्यांनी आपलं काम जवळजवळ कधीच आवडत नाही असं सांगितलं त्यांच्याकडून पाठीच्या दुखापतीची तक्रार यायचं प्रमाण, काम आवडणाऱ्यांच्या अडीच पट होतं. याचा अर्थ ते नाटक करत होते असा कोणी लावू नये. तेच दुखणं माणूस एका ठिकाणी रेटून नेतो आणि दुसऱ्या ठिकाणी त्याच्याने रेटवत नाही, आणि त्यात त्या ठिकाणचं वागणं येतं.

पानगळ:

सगळी चर्चा कंबर आणि खांद्यांची चाललीये म्हणून मी लिहिते. मी डिप्रेशनसाठी रजेवर होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने डिप्रेशन आणि चिंताविकार यामुळे जगात दरवर्षी १,२०० कोटी कामाचे दिवस वाया जातात, म्हणजे आम्ही काही थोडेथोडके नाही.

परत आले तेव्हा सगळे चांगले वागले, खरंच. माझे तास निम्मे केले. पण काम तेवढंच ठेवलं. आठ तासांचं काम चार तासांत, घरी येऊन मी लॅपटॉप उघडून बसायची आणि कोणाला सांगायचीही सोय नाही कारण तुझ्यासाठी तर आम्ही वेळ कमी केलाय. तास कमी करताना कामातलं नेमकं काय काढलं हे लिहून ठेवायला हवं, नाव घेऊन, हा रिपोर्ट आता अमुक करेल, या दोन मीटिंगला तू यायचं नाही, हा क्लायंट तुझ्याकडे नाही. नाहीतर ते कागदावरच राहतं.

दुसरं, या आजारात हातपाय ठीक असतात, अडतं ते एकाग्रता, निर्णय घेणं, आणि एकदम चार गोष्टी समोर आल्या की. मला सगळ्यात उपयोगी काय पडलं तर सकाळी माझी मॅनेजर फक्त दहा मिनिटं बसायची आणि आज या दोन गोष्टी, या क्रमाने, एवढं सांगायची. मेलचा ढीग होता तो तिने आधीच चाळून, लागेल तेवढाच ठेवला होता. आणि रजा का घेतली हे टीमला काय सांगायचं हे तिने मला आधी विचारलं. मी म्हटलं तब्येतीच्या कारणाने एवढंच सांग, तिने तेवढंच सांगितलं. त्या एका गोष्टीमुळे मी पहिल्या दिवशी दारातून आत येऊ शकले.

आणि जे मला हलवून टाकणारं होतं ते म्हणजे सतत बदलणारी डेडलाइन आणि रात्री उशिरा येणारे मेसेज, ते परत आल्यावर काही महिन्यांत पुन्हा सुरू झाले. तेव्हा मी गोळ्या घेऊन, थेरपी घेऊन काय करणार? बाहेर बरी होऊन पुन्हा त्याच ठिकाणी जायचं. कंपनीने ध्यानाचं ॲप दिलं सगळ्यांना. मला ॲप नको होतं, रात्री दहानंतर मेसेज नको होते.

भिंगरी:

पानगळ, लिहिलंत त्याबद्दल मनापासून धन्यवाद. तास कमी आणि काम तेवढंच, हा प्रकार मी इतक्या फाइलींमध्ये बघितलाय, आणि त्या फाइलीवर 'सवलत दिली होती' असा शेरा असतो. रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं की कामाचा रेटा जास्त आणि ते कसं, केव्हा करायचं यावर माणसाचा ताबा कमी, हे दोन्ही एकत्र आलं की ताण सगळ्यात जास्त होतो. ॲपने यातलं काहीच बदलत नाही.

छोटा_कारखानदार:

मी दुसऱ्या बाजूचा, माझ्याकडे दहा-बारा माणसं. एच आर नाही, कंपनी डॉक्टर नाही, एर्गोनॉमिक्सवाला बोलवायची ऐपत नाही. माणूस गेला की माझं काम अडतं त्यामुळे त्याने लवकर यावं असं मला मनापासून वाटतं, पण दुसरं काम द्यायला माझ्याकडे दुसरं कामच नाही. काय करू?

लोलक:

तुमच्याकडे एक गोष्ट मोठ्या कंपनीपेक्षा चांगली आहे, तुम्ही त्याच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर असता. आडवाटच्या लाइन लीडरसारखं तासभर उभं राहून बघा. वजन उचलायचं काम असेल तर हिशोब करायला साधा मार्ग सांगतो. अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेचं सूत्र आहे, १९९१ मध्ये सुधारलेलं. सगळं आदर्श असेल, म्हणजे वजन अंगाजवळ, साधारण ७५ सेंमी उंचीवर, कंबर न वळवता, पकड चांगली आणि क्वचितच उचलायचं, तर शिफारशीची मर्यादा २३ किलो. आता तेच वजन घोट्यांपासून २५ ऐवजी ५० सेंमी पुढे धरावं लागलं की मर्यादा थेट निम्मी. जमिनीवरून उचलायचं असेल तर आणखी पाचव्या हिश्शाहून जास्त कमी. कंबर वळवली की अजून, मिनिटाला किती वेळा त्यावर अजून. म्हणजे वीस किलोची गोणी वजनाने ठीक वाटते पण ती जमिनीवर, पुढे हात लांबवून उचलायची असेल तर ती खूप झाली.

तेव्हा दुसरं काम नसलं तरी त्याच कामाची उंची बदला, अंतर कमी करा, गोणीचं वजन निम्मं करून मागवता येतंय का बघा, चाकांची ट्रॉली घ्या. हे सगळ्यांसाठी करा, परत आलेल्या एकासाठी नको, म्हणजे त्याला वेगळं काढल्यासारखंही होत नाही.

आडवाट:

आणि कारखानदार साहेब, कामाचे तुकडे करा. माझ्या जागेवर लेबल, खोका भरणं, टेप, उचलणं, मोजणी अशी पाच कामं होती, त्यातलं मला न झेपणारं एकच होतं, उचलणं. ते तेवढं काढलं की बाकी चार मी पहिल्या दिवसापासून करू शकत होतो. आपल्याला वाटतं माणूस काम करू शकत नाही, खरं तर तो कामातला एक तुकडा करू शकत नसतो. त्यालाच विचारा कुठला ते, त्याला बरोबर माहीत असतं.

छोटा_कारखानदार:

हे जमेल. गोण्या पंचवीस किलोच्या येतात, पुरवठादाराशी बोलतो उद्या. आणि एक विचारायचं राहिलं, तो परत आला आणि आठवड्याभरात पुन्हा दुखलं म्हणाला तर? परत घरी पाठवू?

लोलक:

पुन्हा दुखणार हे धरूनच चाला. काम वाढवताना दोन-चार दिवस दुखणं वाढणं हे नेहमीचं आहे, त्याने आतलं काही तुटलं असं होत नाही. ते आधीच ठरवून ठेवा त्याच्याबरोबर, तो यायच्या दिवशीच. दुखलं तर आदल्या आठवड्याच्या पायरीवर यायचं, घरी जायचं नाही. समजा सहा तासांवर आला असेल तर चारवर, दोन-तीन दिवस, मग पुन्हा पुढे. आठवडाभर तसंच राहिलं किंवा पायात उतरायला लागलं तर डॉक्टर किंवा फिजिओकडे. आणि तास आणि वजन दोन्ही एकाच आठवड्यात वाढवू नका, आधी तास पूर्ण होऊ देत, मग वजन.

पहिलीपाळी:

हे मी पण लिहून घेतलं. भिंगरीताई, तुमच्याकडे या योजनेचा कागद कसा असतो? नावं काढून इथे टाकता येईल का, निदान मुद्दे. आमच्याकडे नुसता रजेचा फॉर्म आहे.

भिंगरी:

टाकते उद्यापर्यंत. आमचा एका पानाचाच आहे, कुठली कामं करायची, कुठली आत्ता दुसऱ्या कोणाकडे आणि कोणाकडे, तास कसे वाढणार, त्या काळात टार्गेट काय, दुखलं तर काय, आणि पुढची बैठक कधी. सही तिघांची, तो, सुपरवायझर आणि मी. पानगळ यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यात एक ओळ वाढवतेय, कामातून नक्की काय कमी केलं. रानवारा, तुमच्या बहिणीसाठी कामाच्या वर्णनाचा कागद पण टाकते, ऑफिसकामासाठी वेगळा करावा लागेल, लोलक तो एकदा नजरेखालून घालाल का?

लोलक:

हो, टाका, बघतो.